स्केलथॉर्पचा शेवटचा स्केलथॉर्प

लीड्स, ४ फेब्रुवारी १९३६

ति. सेथदादास,
धाकट्या नेलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. परसातला संडास समुद्राने नेला, हे तू ‘आत कुणी नव्हतं’ असं थट्टेवारी लिहिलंस, पण मला हसू आलं नाही. म्हणजे समुद्रावरचा तो ढासळता कडा आता स्वयंपाकघरापाशी आला. इथली वरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे. ह्यांना सोंगट्या खेळायला जोडीदार नाही, म्हणून तेही कुरकुरत तुझी वाट बघतात.

तुझं एकच पालुपद: स्केलथॉर्प गावात एक तरी स्केलथॉर्प हवा. म्हणून चॅपेलातल्या लप्टन मास्तरांना मी आपल्या आडनावाबद्दल विचारलं. थॉर्प म्हणजे वाडी, डेन्मार्कहून आलेल्या स्केल नावाच्या कुणा माणसाने वसवलेली, असं ते म्हणाले. पण वाडीतल्या माणसाला वाडीचं नाव कोण कशाला लावील? तिथे सगळेच तिथले. तिथला टॉम तिथे नुसता टॉम. तो हल शहरातल्या बाजारात जाऊन राहिला, की लोक म्हणणार, स्केलथॉर्पचा टॉम. दादा, हे नाव गाव सोडणाऱ्याचं आहे. आपला मूळपुरुष जर निघाला, तर तुला कसली लाज?

उलट टपाली ‘येतो’ एवढंच लिही. बहिणीवरची माया पातळ करू नकोस.

तुझी,
नेल

स्केलथॉर्प, ९ फेब्रुवारी

चि. नेल हिस सेथचे अनेक आशीर्वाद.

लग्न करून स्वतःचं आडनाव टाकलंस आणि मला माझं शिकवतेस, शहाणी आहेस. पण मास्तरांचं पटलं. मूळपुरुषाचा कुणी नातू पुढे परत आला असणार, नाहीतर आपण इथे कसे? बिचाऱ्याला बाहेर करमलं नसेल.

खरं सांगतो, नावाचं निमित्त होतं. तुझी हॅनावहिनी इथे आहे. चर्चच्या आवारातली समुद्राकडची थडग्यांची रांग गेली. त्यानंतर खाली वाळूवर मी जे पाहिलं, ते तुला लिहिणार नाही. तिला तशी सोडून कसा येऊ? आता चर्चच्या धर्मगुरूंनी, व्हिकारांनी, उरलेल्या सगळ्यांना किनाऱ्यापासून आत, ओटबी गावच्या दफनभूमीत हलवायचं ठरवलं आहे. हॅनाची पाळी गुरुवारी. तिला पोचवतो आणि शुक्रवारच्या मोटारीने निघतो.

पुडिंग नीट फुगव. गेल्या खेपेला बुटाचा तळवा वाढला होतास. तुझ्या ह्यांना नमस्कार. म्हाताऱ्या भावाला सांभाळून घे.

तुझा,
सेथदादा

स्केलथॉर्प, १३ फेब्रुवारी

सौ. नेलताईंस, तुमच्या दादांची शेजारीण डोरा पॉस्किट हिचा स. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. अक्षर वाकडं आलं तर रागावू नका.

वारा थांबत नव्हता, म्हणून आम्ही सेथना आमच्याकडेच झोपायला लावलं होतं. बुधवारी उजाडल्यावर चहा घेतला आणि म्हणाले, “हॅनाच्या मागून चालायचं तर चांगला कोट हवा.” मी म्हटलं, ह्यांचा घाला. तर म्हणाले, “तुझ्या नवऱ्याच्या कोटात ती मला ओळखायची नाही.” कोट आणायला हसत हसत आपल्या घरी गेले. मी खिडकीतून बघत होते. ते आत शिरले आणि अर्धं घर कड्यासकट खाली गेलं. फारसा आवाजही झाला नाही.

माणसं दोर लावून उतरली, पण भरती होती. ते सापडले नाहीत. आता सापडतील असं कुणी म्हणत नाही.

हॅनाला आज ठरल्याप्रमाणे ओटबीला नेलं. मागून मी चालले. तिच्या थडग्याच्या दगडावर सेथचं नाव कसं घालायचं, ते व्हिकार विचारतात. कळवावं. आम्हा शेजाऱ्यांना परकं मानू नये.

आपली,
डोरा पॉस्किट

लीड्स, १६ फेब्रुवारी

सौ. डोराताईंस नेलचा स. न. वि. वि.

वहिनीच्या मागून तुम्ही चाललात, हे ऋण फिटायचं नाही. इथे वरच्या खोलीतला बिछाना अजून मला काढवत नाही. दिवसातून दहादा जिना चढते आणि तशीच उतरते.

व्हिकारांना सांगा, दगडावर नुसतं ‘सेथ’ कोरा. आडनाव नको. लोक विचारतील कुठला सेथ, असं आमचे हे म्हणतात. विचारू देत. माझा भाऊ गावातच राहिला आहे, त्याला गावाचं नाव कशाला?

गाव सोडलं ते मी, अठराव्या वर्षी, मागे वळून न बघता. माझी वेळ येईल तेव्हा माझ्या दगडावर ‘नेल स्केलथॉर्प’ लिहा, असं ह्यांना सांगून ठेवलं आहे. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं.

तिकडच्या घरांची काळजी घ्या आणि आमच्यावर जीव असू द्या.

तुमची,
नेल