प्रसादाचा नारळ

कासार आंबोली

प्रिय लीला,

फोन केला असता, पण माझी दिशा घरात आहे आणि फोनवर मी तुझ्याशी भांडले असते. म्हणून लिहिते.

एचआयव्हीच्या त्या संशोधनात तुला सल्लागार केलंय, डॉक्टर सृष्टी तुला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत, चहाही आधी तुझ्यापुढे येतो म्हणे. आजाराच्या नावाची पाटी लावलेली औषधांची गाडी वस्तीवर पाठवू नका, बाया दारं लावून घेतात, हे तू बैठकीत सांगितलंस आणि त्यांनी पाटी काढली. लीला, ते एसटीत मी तुला म्हणाले होते. तिथं माझं नाव घेणं शक्य नव्हतं, कळतं मला. तरी झोंबलं.

आपले नवरे याच आजारानं गेले, तेव्हापासून तुझं गुपित माझ्याकडे आणि माझं तुझ्याकडे. दवाखान्यातून गोळ्या आणायच्या दिवशी तू मुळशीहून एसटीत माझी जागा धरून यायचीस. घरी सांगायचं, देवीला गेले होते. येताना स्टँडवर नारळ घ्यायचा, घरी प्रसाद म्हणून फोडायचा. एकदा माझा नासका निघाला. देवीनं घेतला नाही, पुन्हा जाऊन ये, म्हणाल्या सासूबाई. आपण पुन्हा गेलो आणि नुसती मिसळ खाऊन आलो. कुणाला आपला संबंध कळू नये म्हणून एकमेकींच्या घरी मात्र कधी गेलो नाही.

परवा लवळ्याच्या कॉलेजच्या सभागृहात तू पोरांसमोर स्वतःचं सगळं बोललीस. माझं झाकायला म्हणालीस, गोळ्यांना मी एकटीच जायचे. त्या पोरांत दिशा होती. तिची तपासणी लहानपणीच झाली, तिला काही नाही. माझं तिला ठाऊक नाही. घरी आल्यापासून तुझ्याशिवाय दुसरा विषय नाही. मी तांदूळ निवडत होते. शेजारी बसून डोळे पुसत म्हणाली, "लई धीट हायेत गं त्या. माझी आई असत्या ना, तर मी एकटीला जाऊ दिलं नसतं."

मी निवडत राहिले. इतका राग मला नवऱ्याचाही आला नव्हता. माझी पोर तुझ्यासाठी रडत होती, आणि तुझ्या त्या गोष्टीत शेजारच्या सीटवर कुणी नव्हतंच.

रविवारी जेवायला ये. घर देवळामागे, निळं दार. दिशाला मी सांगणार आहे, तू नुसती माझ्या शेजारी बस. तुला माझ्याहून चांगलं बोलता येतं, म्हणूनच एक शब्द बोलू नकोस. आणि येताना नारळ आणू नकोस.

तुझीच, अजून रागावलेली,
सखू