गुंडाळलेलं शिसं

९ ऑक्टोबर, रविवार

सहा तास, आणि हाती काय — भंगार! गॅरडच्या उताराच्या शेतात सिरिलकाका आणि मी, धातुशोधक यंत्रं घेऊन. गहू निघून नुकती नांगरट झालेली, माती बुटाला सोडत नाही. एक बक्कल, ट्रॅक्टरची पिन, काडतुसांची पितळी बुडं, बाटल्यांची झाकणं आणि शिसं. सगळं उचललं. खड्डा बुजवायचा आणि निघालेली वस्तू पुन्हा मातीत टाकायची नाही, हा आमच्या धातुशोधकांच्या क्लबचा नियम मी वर्गातल्या मुलांनाही सांगते. सिरिलकाका म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही सोनं शोधायला येता की शेत झाडायला?"

गॅरेजमध्ये निवड केली. लोखंड, पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, शिसं — पाच बादल्या. चार बादल्या भंगारवाल्याकडे जातात, जे काही येईल ते बचावनौकेच्या देणगीच्या डब्यात. शिशाची बादली रसेलची. माझा हा पोस्टमन भाऊ तीन हिवाळे ते वितळवून गळाची वजनं ओततोय. आपल्या किनाऱ्यावर कॉड मासे धरणारे अर्धे लोक त्याचीच वजनं वापरतात. मातीत राहून हंसांच्या पोटात जाण्यापेक्षा हे बरं, असं मला नेहमी वाटतं.

शिशाच्या त्या चपट्या गुंडाळ्या आज पुन्हा चार मिळाल्या. बोटाच्या पेराएवढ्या, दुमडून ठोकलेल्या. "जाळ्याची वजनं," सिरिलकाका म्हणतात. त्या उताराच्या आसपास नदी नाही. मी वाद घातला नाही.

१६ ऑक्टोबर

रसेलकडे बादली पोचवली. दारातूनच वास आला — गरम धातूचा, वर मेणाचा. पठ्ठ्या स्वयंपाकघरात वितळवत होता! शेगडीवर आईचं जुनं बिडाचं भांडं.

"अरे, बाहेर कर की हे."

"ताई, बाहेर वारा बघ. आच टिकत नाही. आणि हेच सगळं तू मला शिकवलंयस, आता मला घाबरवू नकोस."

शिकवलं होतं. शिसं ओलं नसावं, वरची मळी पळीने काढावी, हात धुवावेत. त्याची बायको टॅमसिन चिमुकल्या ईडीला कडेवर घेऊन चहा करत होती. म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा याला. जेवत नाही, पोट दुखतं म्हणतो, आणि बोलायला गेलं की अंगावर येतो."

मी म्हणाले, "खिडकी तरी उघडी ठेवा." एवढंच. वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणारी बाई! खिडकी!

गुंडाळ्या भांड्यात पडताना मी पाहिल्या. आधी चमकल्या, मग बसल्या.

२३ ऑक्टोबर

आज एकच गुंडाळी मिळाली. ती ब्रशने साफ करताना काठ सुटला. आत ओरखडे आहेत. भिंगाखाली धरलं. ओरखडे नव्हेत, अक्षरं. एकाखाली एक ओळी.

मग जिल्ह्याच्या पुरातत्त्व कार्यालयातल्या फिलिपाला फोटो पाठवले.

२५ ऑक्टोबर

फिलिपाचा शाळेत फोन, मधल्या सुट्टीत. आवाज थरथरत होता, आनंदाने. "उघडायचा प्रयत्न करू नका! अशा आणखी आहेत?"

मी म्हणाले, "दोन-तीन."

का म्हणाले असं? माझ्या वहीत प्रत्येक दिवसाचं लिहिलेलं आहे. घरी येऊन मोजलं. तीन वर्षांत पन्नास. त्यांतल्या सत्तेचाळीस रसेलच्या भांड्यात गेल्या. हाताशी ही एक, आणि बादलीच्या तळाशी चिकटून राहिलेल्या दोन.

दोन-तीन हे खोटं नाही. पण तिने विचारलं ते हे नव्हतं.

२९ ऑक्टोबर

रसेलच्या हातून चहाचा मग पडला. उजवा हात पुढे धरला की मनगटापासून खाली लोंबतो. तो हसला — "पत्रं टाकून टाकून झिजला बघ!" टॅमसिन हसली नाही.

२ नोव्हेंबर

वर्गात धातूंचा तक्ता. ब्याऐंशीव्या क्रमांकावर, शिशावर, बोट ठेवलं आणि उचलून सोन्यावर नेलं.

६ नोव्हेंबर, रविवार

टॅमसिनचा फोन. शुक्रवारी डॉक्टरांकडे नेलं होतं. पोस्टमन म्हटल्यावर त्यांनी टपालाच्या पिशवीच्या पट्ट्याला दोष दिला — खांद्यात नस दबली असेल. घरी काही छंद, रंगकाम, धातूचं काम? असंही विचारलं. रसेल म्हणाला, मासेमारी. बस्स.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं! पोटाचा शूळ, चिडचिड, लोंबतं मनगट. हे मी कॉलेजात परीक्षेत लिहून आलेय. तिला म्हणाले, "बघू या आठवडाभर." नंतर रसेलला एकट्याला गाठून सांगितलं की वितळवणं थांबव आणि डॉक्टरांना खरं सांग. तो म्हणाला, "हिवाळ्याच्या ऑर्डरी झाल्या की थांबतो. आणि तू गप्प बस ताई, टॅमसिन भांडं फेकून देईल."

गप्प बसले. त्याच्यासाठी म्हणून? खरं लिहायला ही एकच जागा आहे, तर लिहिते. गुरुवारी फिलिपा शेत बघायला येतेय. शिशाची गोष्ट डॉक्टरपर्यंत गेली तर "कुठलं शिसं?" पासून गॅरडपर्यंत जाईल. त्याच्या शेतातला ठेवा वितळवला म्हणून गॅरड फाटक बंद करेल. क्लबात मी सगळ्यांना नियम शिकवणारी! गुरुवार होऊ दे, मग सांगेन.

१० नोव्हेंबर, गुरुवार

गॅरड, फिलिपा, सिरिलकाका, मी. उतारावर वारा कापत होता. गुंडाळी प्रयोगशाळेत उघडली होती. फिलिपाने मोबाइलवरून वाचून दाखवलं. रोमन काळातलं, देवीला लिहिलेलं पत्रच. माझं कांस्याचं पातेलं ज्याने नेलं — बाई असो की बुवा, गुलाम असो की मोकळा — त्याला अन्न पचू नये, झोप लागू नये, त्याचा हात उचलू नये, पातेलं तो देवळात आणून ठेवेपर्यंत.

सिरिलकाका म्हणाले, "पातेल्यासाठी एवढं? आमच्या हिने कमी शिव्या दिल्या असत्या." सगळे हसले. मी रसेलचा हात बघत होते, तो तिथे नसताना.

फिलिपा म्हणाली, "इथे देऊळ असणार. आणि जिथे एक, तिथे पन्नास असतात. नवल आहे की तीनच निघाल्या." गॅरडने माझ्याकडे पाहिलं. "बाई चोख आहेत. माझ्या शेतातलं बाटलीचं झाकणसुद्धा दाखवून नेतात."

सिरिलकाका पायाने ढेकूळ फोडत राहिले. त्यांना माहीत आहे. ते बोलले नाहीत. मीही नाही.

गुरुवार झाला.

१२ नोव्हेंबर

आज दिवसभर एकच विचार. सत्तेचाळीस माणसांची गाऱ्हाणी आम्ही वितळवली. कोणी काय मागितलं होतं कोणाला ठाऊक. आणि आता ती समुद्राच्या तळाशी पडलीयत, गळाला बांधून.

भीती वाटते. पण भीतीच्या आड काय आहे ते दिसलं तेव्हा जास्त दचकले: मला शापच हवा आहे! शाप असेल तर तो लिहिणारा केव्हाच माती झाला. शिसं असेल तर ते मी नेऊन दिलं, बादलीने, दर पंधरवड्याला.

रसेलला फोन केला नाही.

१३ नोव्हेंबर

नाही केला.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतून थेट गेले. रसेल सोफ्यावर, गुडघे पोटाशी. टॅमसिनला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं — भांडं, तीन हिवाळे, मनगट म्हणजे काय ते.

तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"सहा तारखेला, रविवारी. तू फोन केलास तेव्हा."

"नऊ दिवस?"

"हो."

"ताई, तुम्ही फोनवर म्हणालात बघू या. मी देवाचे आभार मानले की घरात एक शिकलेलं माणूस आहे!"

रसेल ओरडला, तिच्यावर नाही, माझ्यावर. "सांगितलं होतं ना गप्प बस!" मग त्याला ओकारी आली. टॅमसिनने डॉक्टरांना फोन लावला आणि भांडं अंगणात नेऊन ठेवलं. फेकलं नाही. नुसतं ठेवलं, दोन्ही हातांनी, लांब धरून. मग तेच हात ती नळाखाली धुत राहिली, खूप वेळ.

१६ नोव्हेंबर

फिलिपालाही फोन करून खरा आकडा सांगितला. सत्तेचाळीस. ती म्हणाली, "वही तरी आहे ना? कुठे कुठे मिळाल्या त्याच्या खुणा?" आहे. ती पाठवते.

ते कानावर जाताच गॅरडने फाटकाला कुलूप घातलं. निरोप सिरिलकाकांनी आणला, स्वतः चालत. "मास्तरीणबाई, जाळ्याची वजनं मी म्हणालो होतो. तुमच्या वहीत तेही लिहा." मी म्हणाले, लिहिलेलं आहे. पण नदी नाही हे मलाही दिसत होतं, काका.

बादल्या रिकाम्या केल्या. शिशाची सोडून. ती कुठे न्यावी, कळत नाही.

२१ नोव्हेंबर

रसेलचं रक्त तपासून आलं. शिसं, बासष्ट. पाचच्या वर गेलं तरी डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात. त्याला दाखल करून घेतलं. औषध सुरू केलंय, ते रक्तातलं शिसं धरून बाहेर काढतं. हात परत येईल म्हणतात, महिने लागतील. भेटायला गेले तर म्हणाला, "ताई, केळं सोलून दे." डोळे मिटूनच म्हणाला. पण म्हणाला! घरी येताना गाडी बाजूला घेऊन रडले. वाटलं, वाचलो. उशीर झाला, पण वाचलो.

टॅमसिन कॉरिडॉरमध्ये भेटली. बोलली नाही. तिचा हक्कच आहे.

२५ नोव्हेंबर

रसेलचा आकडा एकेचाळीस. उतरतोय. टॅमसिनचा सकाळी फोन आला, तिने केलेला, पंधरा तारखेनंतर पहिला. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त मागितलं होतं. तिचं ठीक आहे. ईडीचं एकोणसत्तर.

ईडी चौदा महिन्यांची आहे. वजन नऊ किलो. तिला ज्या हॉस्पिटलात नेतायत ते दोन तासांवर आहे. गाडीत बसण्याआधी, त्याच फोनवर, टॅमसिनने मला एकच प्रश्न विचारला — नऊ दिवसांत हा आकडा किती वाढला असेल, तुम्ही शिकवता ना हे?

मला माहीत आहे, तसा हिशोब करता येतो.