झुकलेल्या पापणीची वाटणी

मी, शिझुए हान्युदा, राहणार ताकासाकी, धंदा लाकडी ठशांवरून चित्रे छापणे, पूर्ण शुद्धीवर असून व कोणाच्या दडपणाखाली नसून (दडपण आणण्याइतके लक्ष माझ्याकडे कोणी दिलेच नाही) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते.

१. माझी हत्यारे शेजारच्या नेगिशीबाईंच्या सुनेला द्यावीत. उसनी नेलेली पटाशी धार लावून परत करणारी ती एकटीच.

२. डोळ्यांचे सर्व ठसे, छपाई संपल्यावर आमच्या धंद्यात करतात तसे, आडवी चीर मारून बाद करावेत. गॅलरीवाले कुरोसु माझ्यामागे छपाई चालू ठेवायला टपले आहेत. अंत्यविधीला त्यांनी जरूर यावे व रिकाम्या हाताने जावे.

३. माझ्या चित्रांतले डोळे म्हणजे पाळत ठेवणारे सरकार आणि झुकलेली उजवी पापणी म्हणजे थकलेली संस्कृती, असे जाडजूड पुस्तक प्राध्यापक इकेगाया यांनी लिहिले. त्यांना माझा चष्मा द्यावा.

४. घर पती तोकुजी यांना, एका अटीवर. यांनी माझे एक तरी चित्र नीट पाहावे, म्हणून लग्नाच्या वर्षी मी दारुमा बाहुलीचा एक डोळा रंगवून नवस बोलले. नवस फळल्यावर रंगवायचा दुसरा डोळा अजून कोराच आहे. हे जेवतानाही बेसबॉल पाहतात. घरात मला कोणी पाहीना, म्हणून मी डोळे कोरत बसले. याचे मला फार दुःख आहे. यांनी एक चित्र पाहावे, मगच किल्ली द्यावी.

इथवर लिहिले तोच हे चहा घेऊन आले आणि उभ्याउभ्या कागद वाचला.

"किल्ली कशाला अडवतेस? ते डोळे माझेच ना?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? पापणी माझीच आहे. फक्त माझी डावी पडते, तुझ्या छापात उजवी येते. ठसा उलटा कोरायचा असतो, ते तू दरवेळी विसरतेस."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, कला असेल. त्या प्रोफेसरांनी तर पुस्तक लिहिलं!"

मी चित्र यांच्या तोंडाशेजारी धरले. डावीच पडते.

५. कलम ४ मधील अट रद्द. दारुमाचा दुसरा डोळा मी आत्ताच रंगवला; नव्या वर्षी, नवस फळलेल्या बाहुल्यांच्या रीतीप्रमाणे, ती देवळातल्या होळीत द्यावी. कलम ३ही रद्द. चष्मा मला लागणार आहे.

ताकासाकी, १९ नोव्हेंबर २०२५
शिझुए हान्युदा (सही व शिक्का)

साक्षीदार: फुमियो नेगिशी, योशिए नेगिशी (कलम १ मधील सुनेचे सासरे व सासू)

घर यांनाच जात असल्याने यांची साक्ष कायद्याने चालत नाही. तरी यांनी पाहिले आहे, याची नोंद असावी.