वर त्यांचं, खाली माझं

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू नवा कॉम्प्युटर घे म्हणालीस आणि घाईत ठेवलास, म्हणून उरलेलं लिहिते. तुझे बाबा गेल्यापासून मी त्यांचाच वापरत होते, त्यातल्या पाहुण्यांसाठीच्या बिनपासवर्डच्या खात्यातून, पण छापखान्याच्या नव्या फाइली त्यावर उघडेनात. मुद्रितशोधनाचं काम हातचं जायची वेळ आली. दुरुस्तीवाला म्हणाला, जुनी सिस्टीम पुसून नवी टाकू. बाबांनी त्यावर काढून ठेवलेले नकाशे पुसायचे? मी साफ नाही म्हटलं. मग त्यानेच सांगितलं, डिस्कवर मोकळी जागा आहे, तिचा वेगळा भाग करून दुसरी सिस्टीम बसवता येते. एकाच खोक्यात दोन्ही नांदतात म्हणे. आम्ही दोघं दोन तऱ्हांची माणसं या घरात नांदलोच की!

बसवली मीच, हट्टाने. नवी झकास सुरू झाली, पण बाबांची दिसेचना. माझ्याच हातून पुसली गेली असं वाटलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. या वेळी मी आणि तो खोका. दुरुस्तीवाल्याने येऊन पाहिलं, तर ती जागच्या जागी होती, फक्त सुरुवातीच्या यादीत तिचं नाव आलं नव्हतं. त्याने ते घातलं.

आता बटण दाबलं की दोन नावं येतात. वर त्यांचं, खाली माझं. काहीच निवडलं नाही तर त्यांचं आपोआप उघडतं, मीच तसं करून घेतलंय. रोज सकाळी चहा घेऊन बसते आणि काही निवडत नाही. बाबांचं नाव येतं, खाली पासवर्डची रिकामी चौकट. तिथेच थोडा वेळ बसते, मग बंद करून माझं सुरू करते. शेजारीण विचारते, करमतं का? मी म्हणते, न करमायला काय झालं! खोटं बोलते गं. अजिबात करमत नाही.

दुरुस्तीवाला पासवर्ड काढून टाकायला निघाला होता, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पासवर्ड तुला ठाऊक आहे. बाबांनी तुलाच सांगितला होता आणि त्यावरून दोघं मिळून मला चिडवायचात. त्यांच्यामागे तू इकडे फिरकली नाहीस. रिकामी खुर्ची तुला बघवत नाही, हे कळतं मला. मलाही बघवत नाही. म्हणून हे पत्र. तो पासवर्ड मला हवाय, पण फोनवर सांगू नकोस, लिहूनही पाठवू नकोस. इथे ये, त्या खुर्चीत बस आणि तुझ्या हाताने टाक.

तुझीच,
हट्टी आई