दहावा माणूस

आखन, जर्मनी

प्रिय सिपोरा, शालोम आणि आशीर्वाद.

लेकाकडे, योसेफकडे मी सुखरूप आहे. गुडघ्याची काळजी करू नकोस. तू गॅस बंद करून झोपतेस ना?

शनिवारी मी सिनेगॉगमध्ये गेलो तेव्हा तिथे नऊच पुरुष होते. दहावा नसेल तर मेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हणता येत नाही. त्यांतले म्हातारे लेवीनसाहेब आपल्या वडिलांचं प्रार्थनेचं पुस्तक धरून बसले होते. नाझींच्या काळात आईने ते त्यांच्या लहानग्या कोटाच्या अस्तरात शिवलं होतं. वडील परतले नाहीत, पुस्तक राहिलं.

एकजण म्हणाला, "भारतात यहुदी?" त्याला माझी खात्री पटेना. मला हिब्रू वाचता कुठे येतं? मग आपल्या रेवदंड्याच्या चालीत शेमाची प्रार्थना तोंडपाठ म्हटली.

लेवीनसाहेब ओरडले, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. "दहावा आला!"

मग मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेत त्यांनी त्यांच्या वडिलांचं नाव घेतलं, मी आपल्या बाबांचं.

आता मला आजारी पडून चालणार नाही. शनिवारी माझ्यावाचून त्यांचं अडतं.

तुझा दादा,
हायेम