एक्केचाळिसावी फेरी आणि माझे स्टॉपवॉच

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मुद्दाम टीव्हीवर मोटारींची शर्यत नसलेला रविवार निवडला आहे. शर्यतीच्या रविवारी मी शुद्धीत असतो की नाही, याबद्दल घरात दुमत आहे.

कलम १. राहते घर आणि बँकेतील सर्व शिल्लक माझ्या पत्नीस. दुकानामागच्या खोलीत चार पुरुष (गेली बारा वर्षे तीन) टीव्हीसमोर बसून पायाने हवेत ब्रेक दाबताना तिने पंचवीस वर्षे पाहिले. चहा देताना एकदाच विचारले, "तुमच्यापैकी गाडी चालवता येते कोणाला?" माझे साडू सोडून कोणालाच येत नव्हती. त्यानंतर तिने विषय काढला नाही, हा तिचा मोठेपणा.

कलम २. दुकान, चिमटे, डोळ्याला लावायचे भिंग आणि गिऱ्हाइकांनी परत न नेलेली सतरा घड्याळे मुलीस. दुकान तीच चालवते. मी फक्त खिडकीशी बसून लोकांना वेळ सांगतो.

कलम ३. सातवीचे कवितांचे पुस्तक नातीस. पुठ्ठा गेला आहे, कविता शाबूत आहेत. तिने निदान एक तरी मोठ्याने पाठ म्हणावी. ओळीत श्वास कुठे घ्यायचा हे आमच्या बाईंनी टेबलावर पट्टी आपटून शिकवले. वर्गाच्या खिडकीतून येणारे तिरके ऊन आणि त्या पट्टीचा आवाज मला अजून ऐकू येतो. ऊन ऐकू येत नाही म्हणतात, पण मला येते. शर्यतीतही तेच असते. टायर बदलायला गाडी आत बोलावायची ती बरोबर यतीच्या, म्हणजे श्वासाच्या, जागी, नाहीतर पुढची सगळी ओळ कोसळते. हे मी टीव्हीसमोरच्या मंडळींना लघु-गुरूच्या खुणा काढून समजावले होते. आमच्यातला शिंपी झोपला.

कलम ४. टीव्ही कंपाउंडरास. त्याच्या पडद्याचा खालचा चार बोटे भाग काळा पडलेला आहे आणि गाड्यांच्या वेळा नेमक्या तिथेच येतात, हे त्याने जाणून स्वीकारावे. वेळा दिसत नसल्यामुळेच आमच्या चर्चेला रंग चढत असे. शिंपी, कंपाउंडर, साडू आणि मी. घरी दुधी आणायचा की भोपळा, हे ज्यांना बायकोला विचारल्याशिवाय ठरवता आले नाही, ते आम्ही जगातल्या मोठमोठ्या टीमना कोणत्या फेरीत कोणते टायर लावायचे ते सुनावत होतो. ड्रायव्हर घाबरट आहे, असे कंपाउंडर म्हणे. त्याला स्वतःला शिडीवर चक्कर येते.

कलम ५. हे कलम देण्याचे नसून कबुलीचे आहे.

बारा वर्षांपूर्वी, वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत, माझा लाडका निळ्या गाडीवाला दोन सेकंदांनी हरला. एक्केचाळिसाव्या फेरीत तो टायर बदलायला आत आला तेव्हा मी स्टॉपवॉच दाबले. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सत्तावीस सेकंद; एरवी चोवीस लागतात. मी निकाल दिला की चाके बदलणाऱ्यांनी तीन सेकंद खाल्ले. साडू म्हणाले, "दादा, त्या पोरांनी काम चोख केलंय. आत यायच्या आधीचं वळण तुमच्या लाडक्यानेच मोठं घेतलं." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चोवीस सेकंद छापून आले. मी म्हणालो, छपाईची चूक. साडूंनी पुन्हा समजावले. तेव्हा मी सर्वांसमोर बोललो, "नटबोल्ट पिळणाऱ्याला सेकंद काय कळणार?"

माझे साडू मेकॅनिक आहेत. त्यांनी हात पुसले, हात स्वच्छ असूनही पुसले, आणि गेले. तेव्हापासून लग्नकार्यात आम्ही एकमेकांशी बायकांमार्फत बोलतो. "यांना सांग, मीठ इकडे द्या."

गेल्या महिन्यात या मृत्युपत्रासाठी वस्तूंची यादी करताना ते स्टॉपवॉच उघडले. ते मिनिटाला सात सेकंद पुढे पळते. आतल्या केसासारख्या स्प्रिंगमध्ये चुंबकत्व भरून वेटोळी चिकटली आहेत, कारण टीव्ही घेतल्यापासून मी ते मोठ्या स्पीकरच्या डोक्यावर ठेवत आलो. पन्नास वर्षे मी गिऱ्हाइकांना बजावले की घड्याळ स्पीकरजवळ ठेवू नका. गावभरची घड्याळे तपासली, स्वतःचे तपासले नाही. त्या दिवशी दुसऱ्या कोणत्याही गाडीची वेळ मी घेतली नव्हती, हेही लिहून ठेवतो. चोवीस सेकंदच खरे. ती पोरे निर्दोष होती, आणि साडूही.

कलम ६. ते स्टॉपवॉच साडूंस.

कलम ७. जुन्या रिमवर गादी शिवून साडूंनी केलेले स्टूल त्यांचेच आहे, ते मी देणारा कोण? बारा वर्षांत त्यावर कोणाला बसू दिलेले नाही. शिंप्याने दोनदा प्रयत्न केला.

माझी इच्छा होती की पहिला साक्षीदार साडूंनीच व्हावे. पण त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, वकील आहे. ती म्हणाली, "काका, मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. बाबांना एक तर घड्याळ द्या, नाहीतर सही घ्या." मी म्हणालो, आधी त्यांना नुसते येऊ दे. येतील का, ते तिलाही सांगता येईना.

दुरुस्ती, त्याच दिवशी, सहीपूर्वी. साडू आले. उभ्यानेच कागद वाचला. कलम पाच दोनदा वाचले. मग आपल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सही करतो. वस्तू नको." भाचीने सांगितले की जिवंतपणी हातोहात दिलेल्या वस्तूला मृत्युपत्र लागत नाही. म्हणून मी स्टॉपवॉच त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी कानाला लावून ऐकले. "दुरुस्त करू नका, दादा. असंच राहू दे."

कलम ६ रद्द.

सही करायला पेन उचलून ते थांबले. म्हणाले, "पण टीमचंही चुकलंच. एक फेरी आधी बोलवायला हवं होतं." मी म्हणालो, छे, वळण त्यानेच मोठे घेतले. यावर पाऊण तास गेला. शेवटी पत्नीने पेनाचे टोपण काढून दोघांपुढे धरले. चहा सह्यांनंतर मिळेल, असे तिने कळवले आहे.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

लिहून देणार: घड्याळदुरुस्तीवाला (सही)

साक्षीदार १: साडू, मेकॅनिक (सही)
लिहून देणार माझ्यासमोर शुद्धीत आहेत. एक्केचाळिसाव्या फेरीपुरती हमी देत नाही.

साक्षीदार २: शिंपी (सही)
मला काहीच ठेवलेले नाही, याची नोंद घ्यावी.