दोन आज्ञांच्या मधला हात

पप्पा,

जे घडलं ते आधी क्रमानं लिहिते.

१. मंगळवारी दुसऱ्या पाळीत आमच्या कारखान्यात एका हेल्परचा हात कन्व्हेयरच्या रोलरमध्ये गेला. दोन बोटं काढावी लागली.
२. रोलरवरची जाळी दुरुस्तीसाठी काढली होती. ती परत बसवलेली नव्हती.
३. शेजारी पाटी होती : मशीन चालू असताना हात घालू नये.
४. त्यानं घातला.
५. चौकशी माझ्याकडे आहे. अहवाल सोमवारी द्यायचा आहे.
६. कारण म्हणून 'सूचनेचं उल्लंघन' एवढंच लिहावं, असं मॅनेजरनी सांगितलं आहे. तसं लिहिलं की त्या माणसाची नोकरी जाईल.

हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. तुमच्या संडे स्कूलमध्ये तो मागे, मोठ्या मुलांच्या बाकावर बसायचा. आता कुम्हारीहून बाईकनं कामाला येतो. गुरुवारी मी दवाखान्यात गेले. बायको त्याच्या पायथ्याशी बसून संत्रं सोलत होती. मी स्टूल ओढून बसले, आणि मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला,

"चूक माहीच हाये, ताई. पाटी लावून होती. मले वाचता येते."

"मग हात का घातला?"

"माल फसला होता ना. अन् सायबानं सांगून ठेवलं होतं, लाईन बंद नाही करायची, बाहेर गाडी भरून राहिली. पन ते नका लिहू."

"का नको?"

"सायबाले कायले ओढता? हात तं माहाच होता." मग थोडा हसला. "तुमचे पप्पा असते तं त्यायनंबी मलेच उभं केलं असतं. फळ कोनं खाल्लं, ते सांग."

बायको संत्र्यावरून नजर न उचलता म्हणाली, "ह्यायचं असंच हाये, ताई. टेबलाचा धक्का लागला तं टेबलालेच सॉरी म्हनतात."

मी हसले नाही. तो सूर माझ्या ओळखीचा होता. महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा, म्हणून आदल्या संध्याकाळी आपल्या भिलाईच्या घरात, स्वयंपाकघरातच, तुम्ही आम्हाला बसवायचात. चर्चमध्ये सगळं हिंदीत चालायचं, पण ही बैठक मराठीत. आई गॅस बारीक करते. प्रत्येकानं आपण मोडलेली एक तरी आज्ञा मोठ्यानं सांगायची. एकदा मी म्हणते, माझं काहीच नाही. तुम्ही रागावत नाही. "आठवून बघ," म्हणता, "काही केलं नाही म्हणणारा माणूस तिथूनच चुकायला लागतो." भात निवत असतो. मला भूक लागलेली असते. मी सांगते, डब्यातलं मिल्कमेड चोरून खाल्लं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता. आई माझ्याकडे बघते, कारण आपल्या घरात मिल्कमेडचा डबाच नसतो. मग ताटं वाढायला घेते. त्यानंतर माझ्याकडे सांगायला नेहमी काहीतरी तयार असायचं. दवाखान्यातल्या त्या माणसाकडेही तयार होतं.

दुसरी आठवण संडे स्कूलच्या वर्गातली. तुम्ही बागेची गोष्ट सांगत होता : पहिला माणूस, पहिली बाई, एक झाड, एक आज्ञा. मी विचारलं, खायचं नव्हतं तर झाड मधोमध का लावलं, आणि कुंपण का नाही घातलं? तुम्ही म्हणालात, "कुंपण घातलं असतं तर ऐकण्याला काय अर्थ राहिला? माणसाला मोकळं ठेवलं होतं." आणि मोठ्यांना उलट विचारते म्हणून तास संपेपर्यंत मला उभं केलंत. उत्तर चांगलं होतं. अजूनही मला ते खोडता आलेलं नाही, आणि याचाच मला जास्त त्रास होतो.

पण त्या बागेत आज्ञा देणारा एकच होता, आणि आज्ञाही एकच. आमच्या शेडमध्ये दोन होत्या. एक पाटीवर लिहिलेली, एक साहेबाच्या तोंडची. यातली कुठलीही पाळली तरी दुसरी मोडणारच होती. अशा माणसाला मोकळा कसं म्हणायचं? तुम्ही आम्हाला स्वतःच्या आतला आज्ञाभंग शोधायला शिकवलंत, अगदी नसला तरी शोधायला. आज्ञा कोण देतंय, कशासाठी देतंय, हे बघायला कधी शिकवलं नाहीत. जाळी न बसवणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही. गाडीची घाई असलेल्याला कुणी विचारलेलं नाही.

पहिल्या माणसापासून आज्ञाभंगाचा हा डाग सगळ्यांत उतरलाय, असं तुम्ही म्हणायचात. पाळकसाहेबांपासून चर्च झाडणाऱ्यापर्यंत कुणी सुटलेलं नाही. मला ते लहानपणी फार कठोर वाटायचं. या आठवड्यात आमच्या अहवालापेक्षा ते न्यायाचं वाटलं, कारण त्यात साहेबही येतो. मग तुमच्याकडे शिकलेले आम्ही सगळे फक्त स्वतःचंच नाव का घेतो? 'सगळे' म्हणताना तुम्ही कधी वर बोट दाखवलंत का? मला तरी आठवत नाही.

काल मॅनेजर म्हणाले, "मॅडम, वो ख़ुद मान रहा है. आप क्यों उसकी वकील बन रही हैं?" बोरसीला घरी येऊन मी अहवाल पूर्ण लिहिला : आधी जाळी, मग लाईन न थांबवण्याची आज्ञा, मग हात. हा दिला तर सरळ सरळ आज्ञाभंग होतो. मी तो कधी केलेला नाही. कॉलेजची शाखा तुम्ही ठरवून गेला होता तीच घेतली, नोकरीत सांगितलं ते केलं. लोक याला शिस्त म्हणतात. मला आता तसं म्हणवत नाही.

हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवायला मी जाणार नाही. तिथे कुणीतरी ओळखीचं भेटतंच. ते माझ्याजवळच राहील. एक मान्य करते : खरं काय आहे ते मला तुम्हाला विचारायचं नाही, ते मला माहीत आहे. मला तुमची परवानगी हवी आहे.

सोमवारी सकाळी दहाच्या आत कळवावं.